दहाच्या कार्यक्रमाचा श्रोता

सकाळी दहा वाजता आरतीने माईक सुरू केला.

"नमस्कार मंडळी. आज चार कलाकार, चार गाणी. सुरुवात लावणीने."

माईक मोटारीच्या खोलीत होता, भोंगा खोलीच्या छतावर. भोंग्याचं तोंड बोरी बुद्रुक गावाकडे नव्हतं. झेंडूच्या वावरापलीकडच्या उसाकडे होतं. वावरात मंगल आणि तिच्या टोळीतल्या सात बायका फुलं तोडत होत्या. दाराशी गोकुळ उकिडवा बसला होता. तो आरतीचा धाकटा दीर. वावर त्याचं, भोंगा त्याचा, त्यामुळे निर्णयही त्याचाच.

आरतीच्या निवेदनाला वाक्यं चारच असायची. कलाकार कुठला, कुणाकडे शिकला, गाणं काय सांगतं, आणि चौथं वाक्य: कान कुठे द्यायचा.

"गोजरबाई नारायणगावच्या. आईच्या मागे उभं राहून शिकल्या. गाण्यातली बाई रुसलेली नाही, रुसल्याचं सोंग करतेय. तिसऱ्या कडव्यात ढोलकी एकदम थांबते आणि नुसतं घुंगरू उरतं, तिथं कान द्या."

लावणी सुरू झाली. आरतीने माईक बंद केला.

"वैनी, गाण्यांबद्दल माझं काय म्हणणं न्हाई," गोकुळ म्हणाला. "मधली माहिती कशाला पण? पेन ड्राइव्ह लावला की दिवसभर चालतंय. आपल्याला आवाजाशी मतलब."

"ऐकणारं कुणी असेल तर?"

"कोण हाये? एक तरी दाखवा. अकरापर्यंत येळ हाये तुमाला. उद्यापासनं पेन ड्राइव्ह."

लग्नाआधी सहा वर्षं आरती ऑर्केस्ट्रात निवेदन करायची. जत्रेत तिने कलाकाराचं नाव घेतलं की मागच्या रांगेतल्या शिट्ट्या थांबायच्या. लग्नानंतर माईक सुटला, तो थेट गेल्या महिन्यात हातात आला, तोही मोटारीच्या खोलीत. रोज पहाटे ती चार निवेदनं वहीत लिहायची. गाणं पुन्हा आलं तरी एकही वाक्य दुसऱ्यांदा वापरायची नाही.

दुसरं गाणं डिंभ्याच्या भागुजीचं. तो धरणात जाळं टाकतो आणि जाळं ओढतानाच गातो. "शेवटी वल्ह्याचा आवाज येतो, तो वाद्याचा नाही, खऱ्या पाण्याचा आहे," आरतीने सांगितलं. तिसरं भीमगीत, चिमाबाईंचं. "कोरसमध्ये एक आवाज किंचित मागे राहतो. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा."

भीमगीत चालू असताना मंगल पाणी प्यायला आली.

"आरते, मधी गप पडू नको गं. तू गप पडली की आमचा जीव खाली-वर व्हतो."

आरतीचा चेहरा उजळला. "कालचं भावगीत कसं वाटलं, मावशे?"

"कंचं? आमी फुलं तोडतो, बाई. आवाज येतोय एवढं कळतंय." तिने तांब्या पालथा घातला आणि गेली.

गोकुळ हसला नाही. फक्त घड्याळाकडे पाहिलं.

चौथा कलाकार पिंपरी पेंढारचा आदेश. टोमॅटोच्या लिलावावर त्याने रॅप केलंय. "सोळा ओळी तो एका दमात म्हणतो," आरती म्हणाली. "सतराव्या ओळीआधी श्वास घेतो. तो श्वास ऐका. सगळी मजा तिथंच आहे."

साडेदहाला तिने आभार मानले, वही मिटली.

पावणेअकराला जुन्नरहून सरकारी जीप आली. रविंद्र उतरला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच बांधावरच्या आंब्याला एक खाकी पेटी बांधली होती आणि आरतीकडून रोजच्या कार्यक्रमाची मिनिटवार यादी मागितली होती. असं काही मागणारा तो पहिलाच माणूस. म्हणून ती रोज यादी चांगल्या अक्षरात वहीत लिहायची आणि त्याला प्रत द्यायची.

काल संध्याकाळी त्याने पेटी उघडली होती. आज त्याच्या हातात जाड पाकीट होतं.

"वहिनी, तुम्हाला एक श्रोता आहे."

आरती उभी राहिली. "रोजचा?"

"चौदा दिवसांतले बारा दिवस. दहाला पाच कमी असताना येतो. तुमचे आभार मानून झाले की उठतो."

"अन् राह्यलेलं दोन दिवस?" गोकुळने विचारलं.

"वहिनी मंचरला गेल्या होत्या. तुम्ही पेन ड्राइव्ह लावला होता. आला, दहा मिनिटं बसला, निघून गेला."

आरतीने दिराकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच मोकळी हसली.

"कुठला हाये?" गोकुळ म्हणाला.

"इथलाच. तुमच्या उसाच्या कडेला बसतो."

"म्हातारा?"

"तरणा आहे."

"माझ्या वावरात रोज येऊन बसतो अन् मलाच पत्ता न्हाई? बायांकडं बघत असंल."

"ढुंकूनसुद्धा नाही. भोंग्याकडे तोंड करून बसतो."

"राव, दाखवा तरी."

रविंद्रने पेटीतल्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो ओट्यावर ओळीने मांडले. गोकुळने पहिला पाहिला, दुसरा पाहिला आणि वर छतावरच्या भोंग्याकडे पाहिलं. "ह्यो लांब राहावा म्हणून तर भोंगा लावला," तो हळूच म्हणाला. "आता उद्या काय करायचं, साहेब?"

"वरिष्ठांना विचारलंय. उत्तर आलेलं नाही."

आरतीचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तिने मागच्या सोमवारचा एक फोटो उचलला होता. त्या दिवशीही सुरुवात गोजरबाईंच्या याच लावणीने झाली होती. फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती, दहा वाजून सहा मिनिटं. तिने वही उघडून त्या दिवशीच्या यादीशी ती ताडून पाहिली. तिसरं कडवं, ढोलकी थांबलेली, नुसतं घुंगरू. आणि उसाच्या कडेला, पुढचे पाय जुळवून, दोन्ही कान टवकारून बसलेला बिबट्या.