घुमटाचं उत्तर

"गाडी," ती म्हणाली, आणि थांबली.

काहीच परत आलं नाही.

वर घुमट होता. म्हणजे त्याच्या लोखंडी फासळ्या होत्या. काच कधीच गळून पडली होती आणि मधल्या भगदाडातून सकाळचं आभाळ थेट तिकीटखिडक्यांपर्यंत उतरलं होतं. तिचा शब्द त्याच वाटेने वर गेला असावा. गेला तो गेला.

"अगं, जरा जोरात," पलीकडच्या भिंतीजवळून नवरा म्हणाला.

"ओरडायला मी काय भाजी विकतेय?"

स्टेशन चालू होतं तेव्हा ती इथली निवेदिका होती आणि तो गाडीचा गार्ड. या दालनात बोलणं सोपं नव्हतं. घुमट प्रत्येक शब्द परत करायचा. घाई केली की मागचा शब्द पुढच्यावर आदळे आणि माणसं भलत्याच गाडीत चढत. म्हणून ती एक शब्द सोडायची. तो वर जाऊन

येईपर्यंत थांबायची. मग दुसरा.

घरीही तसंच. ती रागावायला लागली की दुसऱ्या शब्दापर्यंत मुलं अंगणाबाहेर पसार. सून तर म्हणायची, आईंशी भांडायचं तर रजाच काढावी लागेल.

फाटकाशी पाडकामाचं यंत्र उभं होतं. रखवालदाराने चहा संपेपर्यंतची मुभा दिली होती. तेवढ्यात एकदा, फक्त एकदा, तिला घुमटाचं उत्तर ऐकायचं होतं.

ती तुटक्या जिन्यापाशी गेली. वर तिची लाकडी केबिन एका बाजूला कलून लोंबत होती. "गाडी."

नाही.

हिरव्या फरशांच्या भिंतीपाशी, जिथे उतारू पाठ टेकून झोपायचे. "गाडी."

नाही. एका कमानीवर झुडूप उगवलं होतं, ते हललं. वाऱ्याने.

"राहू दे," ती म्हणाली. "थकला बिचारा. चला." आणि निघता निघता, सवयीने, उगाच, "गाडी."

"गाडी."

ती गर्रकन वळली. नवरा भिंतीकडे तोंड करून, जणू भिंतच वाचत उभा होता.

"अहो!"

"मी नाही. घुमट."

"घुमटाला दमा कधीपासून?"

"वय झालं त्याचं."

"आणि इतक्या लवकर? तो वरपर्यंत जाऊन यायचा, सावकाश. तुम्ही आपले, शब्द माझ्या तोंडातून पडायच्या आत हजर!"

"बरं बाई. परत बोल."

ती दालनाच्या मधोमध येऊन उभी राहिली. घसा साफ केला.

गाडी

नवऱ्याने मान वर केली. शब्दाला फासळ्यांवरून चढू दिलं, भगदाडाच्या कडेने फिरू दिलं, खाली उतरू दिलं.

गाडी

तिचे डोळे मिटले.

येत

"आजी, चला आता! यंत्रवाला खोळंबलाय." रखवालदार आत आला होता. बाहेर इशारा द्यायला त्याने शिट्टी ओठांत धरली. नवऱ्याने बोट तोंडावर ठेवलं. रखवालदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग वर.

येत

"आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने तोंड उघडलं आणि त्याला खोकला आला. आवरेना. तो कमानीला धरून वाकला, हातानेच थांब, थांब म्हणू लागला.

ती थांबलीच होती. डोळे मिटलेले, मान किंचित वर. शब्द परत आल्याशिवाय ती जागची हलणारी नव्हती.

वर जाऊन यायला लागतो तेवढा वेळ गेला. रखवालदाराने ओठांतली शिट्टी काढली.

"आहे," तो म्हणाला.