दोष कुणाबरोबर जातो

मशीनचं टेबल पुढे सरकता सरकता मध्येच मागे फिरलं आणि टूल कडकन मोडलं.

“तू समोरच होतास ना?” ताई म्हणाली. “मी बटणाला हात तरी लावला का?”

“माझं लक्ष नव्हतं गं. फोरमनसाहेबांशी वॉकीटॉकीवर बोलत होतो.”

सीएनसी मशीन ते. कॉम्प्युटरने सांगावं, मोटरने ऐकावं, टेबलाने सरकावं, एवढाच त्याचा संसार. पण मोटर मध्येच उलटी फिरत होती, आणि तीही फक्त ताईच्या पाळीत. कारखान्याचा वायरमन तिचा धाकटा भाऊ. त्यानेच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. तिचं घर त्या एका पगारावर चालायचं. म्हणून तिच्या पाळीत तो हटकून तिच्या मशीनपाशी घुटमळायचा.

त्याने केबल बदलली, जोडण्या आवळल्या. मग जुनी युक्ती काढली, अदलाबदलीची. दोन मोटरी आपसात बदलायच्या आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. दोष ना मोटरीबरोबर गेला, ना वायरीबरोबर. शेवटी फोरमनने माणसंच बदलायला लावली. सकाळची ताई दुपारी आली, दुपारचा ऑपरेटर सकाळी.

दोष ताईबरोबर दुपारी आला.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” फोरमन म्हणाला आणि वायरमनकडे वळला. “आता तूच सांग.”

वायरमन खाली बघत म्हणाला, “मशीनमध्ये दोष नाही, साहेब.”

“घरचाच अहेर दिलास की!” फोरमन हसला.

ताई भांडली नाही. डबा उचलताना एवढंच म्हणाली, “तू म्हणतोस तर तसंच असेल. माझा हात कुठे जातो ते मलाच कळत नसेल.” त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईची नोकरी गेली, आणि त्यानंतर मशीन एकदाही बिघडलं नाही. त्याला खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ताईकडे जायला तोंड नव्हतं. त्या मशीनकडेही तो फिरकेनासा झाला.

आज मात्र त्याला राहवलं नाही. नवा ऑपरेटर काम लावून पाणी प्यायला गेला होता. वायरमन ताईच्या जागी जाऊन उभा राहिला. टेबल शहाण्यासारखं पुढे सरकत होतं. आपण खरं तेच सांगितलं, असं त्याने मनाला पुन्हा एकदा बजावलं.

कमरेचा वॉकीटॉकी खरखरला.

“काय रे,” फोरमनने विचारलं, “ते मशीन आता नीट चाललंय ना?”

उत्तर द्यायला वायरमनने वॉकीटॉकी तोंडाशी धरून बटण दाबलं, आणि समोरचं टेबल मागे फिरलं.