कोंडण्याचा अधिकार

मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या युसूफचाचांना पहाटे ताप चढला. साथीच्या काळात सरकारने बसवलेल्या दाराने तो ओळखला आणि स्वतःला कुलूप घातलं. आता एकवीस दिवस ते आतून किंवा बाहेरून उघडणार नव्हतं. त्यांची लेक जुबेदा सांगलीहून धावत आली, ती उंबऱ्याबाहेरच अडकली.

दुपारी आरोग्य निरीक्षक हेमलता कांबळे आल्या.

"बाई, साथ जाऊन दोन वर्षं झाली," जुबेदा म्हणाली. "अब्बा ऐंशीचे आहेत, खिडकीपर्यंतही उठून येता येत नाही त्यांना. त्यांना पाणी तरी कोण देणार? दार उघडा ना."

"कायदा अजून उठलेला नाही गं. उघडायचा अधिकार मला नाही." हेमलताबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांची आई अशाच दारामागे एकटी गेली होती.

आतून चाचा म्हणाले, "जुबी, घरी जा बेटा. मी बरा आहे." आणि खोकत राहिले.

 हेमलताबाईंनी हातातलं हुकूम काढायचं यंत्र चालू केलं.

"कोंडायचा अधिकार मात्र मला आहे. कुणालाही, कुठल्याही घरात. तुला इथं कोंडू?"

 जुबेदाने घाईघाईने होकारार्थी मान हलवली.

हुकूम निघाला. तिला आत घेण्यापुरतं दार उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"अगं वेडे, पोरांकडे कोण बघेल आता?" चाचा ओरडले.

"त्यांचे अब्बा बघतील. तुम्ही आधी पाणी प्या."

बाहेर हेमलताबाईंनी दारावर तळहात टेकवला. "संध्याकाळी औषधं घेऊन येते," त्या म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवा."