वळणावरचा आवाज

"ही चालू करून दाखवा ना," ती म्हणाली.

मोटरसायकलवाल्याने वळून पाहिलं. नवरा आणि दीर दुकानभर फिरत होते, आणि ही बाई इतका वेळ पर्स छातीशी धरून दाराजवळच उभी होती. त्याने किल्ली फिरवली. इंजिन हलकेच घुरघुरलं.

"एवढाच आवाज?"

"ताई, लोक आवाज कमी हवा म्हणून भांडतात माझ्याशी. जास्त मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या!"

धाकटा दीर हसला. "आमच्या वहिनीचा जीव त्या आवाजात अडकलाय. दादाची जुनी गाडी लांबच्या वळणावरून ऐकू यायची. आमच्या गल्लीतली कुत्री तिच्यावर घड्याळ लावायची!"

ती जुनी गाडी आता भंगारात होती. पुलाजवळच्या उतारावर ती वाळूवरून घसरली आणि ट्रकखाली गेली. नवरा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. डावा पाय मोडला. "हात दोन्ही शाबूत आहेत, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले होते. तिने मान हलवली होती.

शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा ती बाहेरच्या बाकावर डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली होती. नर्सने आपणहून पाणी आणून दिलं. "अशी बायको मिळायला भाग्य लागतं," असंही म्हणाली. देवाकडे काय मागितलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्या गाडीचा सायलेन्सर सैल झाला होता. गॅरेजवाला दरवेळी म्हणायचा, "बदलून टाकू, कान किटतात." तीच म्हणायची, "राहू दे हो, चालतेय ना? उगाच खर्च कशाला?" संध्याकाळी बेकरीच्या वळणावर ती फटफट सुरू झाली की घर एकदम हलायचं. ती टीव्ही बंद करून चहाचं आधण ठेवायची. थोरली लेक खेळणी टोपलीत लोटायची आणि धाकट्या भावाला बखोटीला मारायची. वळणापासून दारापर्यंत तेवढाच वेळ मिळायचा, पण तो पुरायचा.

आज निघताना मुलांना शेजारच्या काकूंकडे सोडलं, तेव्हा थोरली तिच्या गळ्यात पडली आणि कानाशी लागली. "आई, तशीच आण. मोठ्ठ्याने वाजणारी."

काकूंना भरून आलं होतं. "बापावर काय माया आहे गं पोरीची!"

"अगं, इकडे ये," नवऱ्याने कोपऱ्यातून हाक मारली.

तो एका काळ्या, गुळगुळीत गाडीवर बसला होता. मोटरसायकलवाला लगबगीने पुढे झाला. "बॅटरीवाली आहे साहेब. इंजिनच नाही. लोण्यातून सुरी जावी तशी जाते."

गाडी दुकानाच्या फरशीवरून पुढे आली आणि तिच्यासमोर थांबली. तिने फक्त टायरची चरचर ऐकली.

"ही नको," ती म्हणाली.

"का गं?" त्याने हसतच विचारलं.

"आवाज नाही हिला. गाडी येतेय हे समोरच्याला कळायला नको? आवाज असला की माणसं वेळेवर बाजूला होतात."

"त्यासाठी हॉर्न आहे की, ताई."

"हॉर्न काय, मनात आलं तर वाजवायचा." तिने पलीकडच्या लाल गाडीकडे बोट दाखवलं. "अहो, ती बघा ना. मजबूत दिसतेय. तिचा आवाजही मोठा आहे, मी मघाशी ऐकला."

"घाबरट आहे हो आमची," नवरा मोटरसायकलवाल्याला म्हणाला. "सावली हलली तरी दचकते."

सगळे हसले. तीही हसली, जरा मागाहून.

दिराला वाईट वाटलं असावं. "दादा, ऐक की वहिनीचं. एवढं मोठं दुखणं काढलंय तिने तुझं. लालच घे."

नवरा गाडीवरून उतरला. जवळ येऊन त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने पर्स पुन्हा छातीशी धरली.

"अगं, दुचाकी म्हणजे काय वरात आहे, वाजत गाजत यायला?" तो म्हणाला. "उलट तुझी कटकट मिटली. रोज वळणाकडे कान लावून बसायला नको. मी कधी आलो, ते तुला कळणारसुद्धा नाही."

"वा साहेब!" मोटरसायकलवाल्याने टाळी दिली आणि किल्ली आणायला वळला.

इतके दिवस घरभर टकटक करणारी काठी नवऱ्याने दिराच्या हातात दिली. "घे, म्हातारपणी तुला होईल."

संध्याकाळी तो मित्रांना गाडी दाखवायला गेला. ती मुलांना घरी घेऊन आली.

"कशी वाजते गं?" थोरलीने चपला काढायच्या आत विचारलं.

"वाजत नाही."

थोरली खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, वळण दिसायचं नाही. तरी ती बराच वेळ तिथून हलली नाही.

धाकट्याला यातलं काय कळणार? तो डोक्यावर चादर घेऊन पलंगावर हत्ती झाला होता. सोंड म्हणून एक हात हलवत त्याने दोनदा ताईला ढुशी दिली. तिसऱ्यांदा स्वतःच चादरीत अडकून गादीवर आपटला. थोरलीला हसू आवरेना. तिनेही उडी मारली. खेळणी खोलीभर पसरली, पलंग करकरू लागला, आणि कितीतरी दिवसांनी घरात दोघांचं मोकळं हसणं घुमलं.

ती ओट्याशी उभी होती. "हळू रे," म्हणायला तिने तोंड उघडलं, पण तिलाच ते हसणं थांबवावंसं वाटेना. क्षणभर ऐकत राहिली. बाहेर सगळं शांत होतं.

दाराची कडी वाजली, आणि मुलं अजून पलंगाखाली लपली नव्हती.