नुसतं पुढचं नाव

आयुष बाहेरून आला तो थेट न्हाणीघरात शिरला. संपदाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सकाळी आंघोळ झाली होती ना?"

"तू पोटुशी आहेस. नको त्या चौकशा कशाला?" सासूबाई म्हणाल्या. लेकाचे कपडे त्यांनी आधीच काढून ठेवले होते. संपदाचा मोबाइलही सकाळपासून त्यांच्याच कपाटात. म्हणे डोळ्यांना त्रास होतो. आयुषचा वाजला, तो तिने उचलला.

"आयुष, हेमालीचं आजच कर रे." त्याचा मित्र भावेश होता.

"कोण हेमाली?"

भावेश अडखळला. "वहिनी... मी नंतर करतो."

संपदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने लॅपटॉप उघडला.

सांडोर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणाऱ्या, बारशापासून तेराव्यापर्यंतच्या सगळ्या पत्रिका आयुष बनवायचा. मजकूर एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये. त्या मजकुराची पत्रिका होताना नमुन्याचं नाव काढून खरं घालायचा नियम वेगळ्या फाइलमध्ये. नमुन्याचं नाव सगळीकडे एकच, 'संपदा राऊत'. "प्रत्येक पत्रिकेत आधी तूच," असं लाडात म्हणायचा लबाड.

एरवी तो अख्खं नाव बदले. आज नियमात नुसतं 'संपदा' होतं आणि त्या जागी 'हेमाली'. 'राऊत' जसंच्या तसं.

म्हणजे त्या बयेला आडनावसुद्धा माझंच! मजकूर वाचायच्या फंदात ती पडलीच नाही. नियम पुसला, सेव्ह केलं. शोधत बस म्हणावं आता तुझ्या हेमालीला.

आयुष ओल्या केसांनी आला. डोळे लाल. पत्रिका उघडूनही न पाहता त्याने ग्रुपवर टाकली.

"बघत नाहीस?"

"बघवत नाही गं."

बघवेल कसं, ती मनात म्हणाली. मोबाइल बंद करून तो कूस वळवून पडला. संपदाला जरा गार वाटलं.

तिन्हीसांजेला दार वाजलं. कळंबहून तिचा भाऊ पियुष आला होता, तोही अनवाणी. तिला बघताच तो उंबऱ्यावर मटकन बसला. त्याने नुसता मोबाइल पुढे केला.

काळ्या चौकटीत लिहिलं होतं, 'कै. सौ. संपदा राऊत, सांडोर. पहिल्याच बाळंतपणात दुःखद निधन.'