कुकरमधला केक

नाताळच्या सुट्टीतला बाबांकडचा आठवडा संपला. लेकीला न्यायला आलेली आई चपला न काढता दारातच उभी राहिली.

“बॅग आण. खाली रिक्षा थांबलीय.”

“आई, थांब ना! केक लावलाय. मधेच झाकण काढलं तर बसेल.”

ओट्यापाशी, शिट्टी काढलेल्या कुकरसमोर लेक हात पसरून उभी होती. बाबा खिडकीतली कागदी चांदणी उगाच नीट करत होते. आईकडे न बघता ते लेकीला म्हणाले, “झाला असेल गं आता.”

“नाही झाला!” तिचा आवाज चिरकला.

तेवढ्यात करपल्याचा वास दारापर्यंत आला. बाबा गॅस बंद करायला निघाले. लेकीचे डोळे भरले.

आईने चपला काढल्या.

“राहू दे,” ती बाबांना म्हणाली, “अजून कच्चा असेल.”