न उष्टावलेला पेला

‘पुरे रे माझ्या राजा, धाकट्याला ठेव की थोडं!’

चाळीस वर्षांमागं छातीशी धरून पाजता पाजता दटावणाऱ्या, घरच्या गुलाम डायना दाईचा तो आवाज आज नेमका मतदानाच्या गर्दीत उमेदवार अँब्रोज क्रॅडकच्या कानात घुमला आणि तो आणखीच वैतागला.

आधीच उठून, वाकून, आभार मानून त्याची कंबर मोडली होती. एकेका जमीनदारानं कोर्टाच्या पायरीवर यावं, मतं नोंदवणाऱ्या शेरीफपुढं आपल्या माणसाचं नाव खणखणीत घ्यावं, ज्याचं नाव त्यानं उठून वाकावं. मग मत देणाऱ्यानं ओकच्या झाडाखालच्या पिंपावर तुटून पडावं. पिंप अँब्रोजचं. तंबाखू अजून शेतात होती, गाठीला दमडी नव्हती, तरी बार्बाडोसच्या कप्तानाशी सौदा करून त्यानं रम उतरवून घेतली होती. आणि हे मेले त्याची रम ढोसून विरोधातल्या कर्नल स्टॅथमचं नाव घेत होते!

उन्हं कलली. दोघे बरोबरीत आले. राहिला एकच जण, अँब्रोजचा पाठचा भाऊ टोबायस.

“बोला मिस्टर टोबायस, कुणाला?” शेरीफनं विचारलं.

टोबायस हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. सकाळपासून अँब्रोज त्याला पेला पाठवत होता आणि तो भरलाच्या भरला परत येत होता. आताही तो टेबलावर तसाच होता.

“अरे, मिठाची गुळणी धरलीयस का तोंडात?” अँब्रोज खेकसला. “घोटभर घे, घसा मोकळा कर आणि सांग एकदाचं!”

“सख्ख्या भावाचं नाव विसरला वाटतं!” पिंपापासून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

टोबायसनं मान वर केली. अँब्रोज वाकायला अर्धा उठलाच.

“कर्नल स्टॅथम.”

पलीकडं कर्नल उठला, वाकला. अँब्रोज तसाच अर्धवट उभा राहिला, ना धड बसलेला, ना धड वाकलेला.

“मत नाही ते नाही,” तो दात खात म्हणाला, “निदान माझ्या पेल्याला तरी तोंड लावायचंस, करंट्या!”

टोबायसनं तो पेला उचलला आणि सांडू न देता, हळूच भावापुढं ठेवला.

“म्हातारी डायना जहाजावर चढवलीस, तिच्या बदल्यात आणलीस ना ही? तिचं एकदा पिऊन झालंय माझं, दादा.”